एकच शंभर एमबीपीएस, भाव दोन

ऑफिससाठी किंवा कारखान्यासाठी नेटचं कोटेशन मागवलं की एक कोडं हमखास समोर येतं. ‘बिझनेस ब्रॉडबँड, शंभर एमबीपीएस’ असं लिहून कंपनीचा माणूस एक आकडा सांगतो आणि त्याच कागदावर खाली ‘लीज लाइन, शंभर एमबीपीएस’ म्हणून त्याच्या कित्येक पट आकडा मांडतो. वायर दोन्हीकडे फायबरचीच, वेगही तोच. मग जास्तीचे पैसे कशाचे? विकणाऱ्यालाही ते नेहमी धड सांगता येतं असं नाही, कारण हा फरक आला आहे नेटच्याही आधीच्या काळातून.

आपल्याकडे धंद्याची ‘लाइन’ नेटच्या आधीपासून आहे. बँका, वृत्तसंस्था, मोठ्या कंपन्या दूरसंचार खात्याकडून दोन ठिकाणांमधली तार भाड्याने घेत. नंबर फिरवायचा नाही, कुणाशी वाटून घ्यायची नाही, दिवसरात्र ती आपलीच. पुढे तांब्याच्या जागी काचेचा धागा आला, पण नाव तेच राहिलं आणि कराराचा गाभाही तोच.

ज्यांना जमिनीवरच्या तारेवर भरवसा ठेवणं परवडत नव्हतं, त्यांनी आकाश गाठलं. पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांनी नव्वदीच्या सुरुवातीला कंपन्यांना उपग्रहावरून ६४ केबीपीएसच्या जोडण्या दिल्या (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस). आज मोबाइलवर काढलेला चार एमबीचा एक फोटो त्या वेगाने पाठवायचा तर साडेआठ मिनिटं लागतील, पण परदेशी गिऱ्हाइकाला प्रोग्राम पाठवायला तेवढं पुरायचं. १९९४ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने व्हीसॅटवरून, म्हणजे उपग्रहाशी बोलणाऱ्या छोट्या डिश अँटेनांवरून, व्यवहार सुरू केले आणि मग लहान शहरांतल्या ब्रोकरांच्या गच्चीवरही छत्र्या दिसू लागल्या. उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर, त्यामुळे संदेश जाऊन उत्तर यायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. तरी टेलिफोन एक्स्चेंजमधला केबल भिजला म्हणून सौदा अडायचा नाही, हे त्या अर्ध्या सेकंदापेक्षा मोलाचं होतं.

सर्वांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीकडून. सुरुवातीचा डायल-अप वेग ९.६ केबीपीएस. मोडेम किंचाळायचा, लागला तर लागायचा, आणि नेट चालू असेतो फोन बंद. घरात त्यावरून भांडणं व्हायची. दुकानात मात्र ऑर्डर द्यायला फोन करणाऱ्याला एंगेज टोन ऐकू यायचा आणि तो शेजारच्या दुकानात फोन लावायचा. त्यावरचा तोडगा आयएसडीएन: एकाच जोडणीत ६४-६४ केबीपीएसचे दोन मार्ग, एकावर बोला, दुसऱ्यावर नेट चालवा. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि निगमची मक्तेदारी गेली.

खरा पसारा मात्र वाढला २००४ नंतर. त्या ऑक्टोबरात केंद्राने ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं आणि किमान २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या केली. २००५ च्या सुरुवातीला बीएसएनएलने आणि मुंबईत एमटीएनएलने फोनच्याच तांब्याच्या तारेवरून एडीएसएल द्यायला घेतलं. आता नेट आणि फोन एकत्र चालू लागले. एक्स्चेंजपासून तुम्ही किती लांब, यावर वेग ठरायचा, हा भाग वेगळा.

या एडीएसएलमधल्या पहिल्या अक्षराकडे तेव्हा कुणी फारसं पाहिलं नाही. ‘ए’ म्हणजे असमान. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या बेलकोर या संस्थेत जोसेफ लेचलायडर या अभियंत्याने ही कल्पना पुढे आणली. तिथल्या फोन कंपन्यांना केबलवाल्यांशी टक्कर देत तारेवरून घरोघरी चित्रपट पोचवायचे होते. घरी चित्रपट पाहणारा घेतो भरपूर आणि पाठवतो जवळजवळ काहीच नाही, म्हणून येण्याचा रस्ता रुंद ठेवला आणि जाण्याचा अरुंद. दिवाणखान्यासाठी आखलेली ही विभागणी आपण जशीच्या तशी दुकानात आणून बसवली. पुण्यातल्या डीटीपीवाल्यांना तिचा चटका आधी बसला. तीनशे एमबीची जाहिरातीची फाइल २५६ केबीपीएसने वर चढवायची तर अडीच तासांवर वेळ लागतो. त्यापेक्षा पोरगा सीडी घेऊन स्कूटरवर प्रेसला पोचलेला असायचा. पण डाउनलोडचा आकडा बघून प्लॅन घ्यायची सवय आपल्याला तेव्हापासून लागली ती लागलीच.

आजच्या फायबर ब्रॉडबँडनेही वाटून घेण्याचं तत्त्व सोडलेलं नाही. सर्वाधिक वापरातल्या जीपॉन पद्धतीत केंद्रातून निघालेला एक धागा रस्त्यावरच्या डब्यात ३२ किंवा ६४ ग्राहकांत फुटतो. त्याच्यावरचा येणारा सुमारे अडीच आणि जाणारा सव्वा जीबीपीएस सगळ्यांत मिळून. किती जणांनी वाटून घ्यावं याला मर्यादा हवी म्हणून २००९ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मार्गदर्शक प्रमाण घालून दिलं: घरगुती ब्रॉडबँडला एकास पन्नास, व्यावसायिक ब्रॉडबँडला एकास तीस. ‘बिझनेस’ शब्दाचा मूळ अर्थ एवढाच, वाटेकरी थोडे कमी. लीज लाइनमध्ये वाटेकरीच नाही, येणं-जाणं समान, नेटवरचा पत्ता (आयपी) कायमचा एकच, आणि बंद पडली तर किती तासांत दुरुस्त करायची हे करारात लिहिलेलं. जास्तीचे पैसे जातात ते यात, आणि माझ्या मते त्यातही शेवटच्या कलमात सर्वाधिक. स्वतःचा सर्व्हर ठेवणाऱ्याला किंवा कॉल सेंटर चालवणाऱ्याला ते वसूल होतात. पाच संगणकांच्या सीए ऑफिसला बहुधा नाही.

गेल्या काही वर्षांत गरजच बदलली. माल वाहून नेण्यासाठी ऑनलाइन काढायचं ई-वे बिल २०१८ मध्ये आलं. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींच्या वरच्या उलाढालीला लागू झालं आणि ती पायरी उतरत ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली. म्हणजे बऱ्याच मध्यम कारखान्यांत आता नेट नाही तर बिल नाही, आणि बिल नाही तर माल गेटबाहेर नाही. त्यामुळे वेगापेक्षा ‘बंद पडलं तर काय’ हा प्रश्न वर आला आणि लोक दोन-दोन कंपन्यांची कनेक्शनं घेऊ लागले.

त्यातली मेख ३० जानेवारी २००८ ला जगाने पाहिली होती. इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन वेगवेगळ्या केबली काही तासांच्या अंतराने तुटल्या आणि भारताची परदेशी नेटक्षमता निम्म्याच्या आसपास घसरली. केबली दोन होत्या, मालक वेगळे होते, पण भूमध्य समुद्रातली वाट एकच.

गेल्या पावसाळ्यात भोसरीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये हाच प्रकार लहान मापात पाहिला. टेम्पो भरून गेटवर उभा, ड्रायव्हर सारखा घड्याळ बघतोय, आणि आत दोन्ही राउटरवर लाल दिवा. कनेक्शनं दोन कंपन्यांची, मुद्दाम घेतलेली. बाहेर येऊन पाहिलं तर कोपऱ्यावरच्या खांबावर झाडाची फांदी कोसळलेली, आणि दोन्ही कंपन्यांच्या काळ्या वायरी त्याच खांबावरून एकमेकींना पीळ घालून आलेल्या. बिल शेवटी अकाउंटंटच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर निघालं. नंतर मालकांनी एक कनेक्शन काढून त्याजागी सिमवर चालणारा फाइव्ह-जीचा राउटर बसवला. आता कुणी नवीन प्लॅन विकायला आला की ते त्याला वेग विचारत नाहीत. गेटपर्यंत नेऊन विचारतात, “वायर कुठल्या खांबावरून आणणार, ते दाखवा.”