पन्नाशी झाल्याशिवाय गाडी व्हिंटेज होत नाही ओ

परवा सोलापुरात सात रस्त्यावर चहा पिताना परत तोच प्रश्न. '९६ ची मर्सिडीज एसएल मिळतीय, उघड्या टपाची, घेतो आणि व्हिंटेज नंबर करून टाकतो, मग आरटीओची कटकट मिटली ना?' नाही मिटत ओ! दहाव्यांदा सांगतोय.

व्हिंटेज म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय, गड्ड्याच्या यात्रेत एखादी जुनी गाडी दिसली की फोटो काढायला गर्दी करता तीच. मॉडर्न क्लासिक, म्हणजे ह्या '९६ च्या एसएलसारखी वीस-तीस वर्षांची हौसेची गाडी, ती पण जुनीच, पेट्रोल पण तसंच पिते, ते सोडा. घोळ कागदावर होतो. २०२१ च्या केंद्राच्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी. तिचं रजिस्ट्रेशन २० हजारात होतं, १० वर्षं चालतं, नंबरात 'व्हीए' येतं. म्हणजे तुमची '९६ ची गाडी व्हिंटेज व्हायला २०४६ उजाडणार, तोवर पोरगं लग्नाला आलेलं असेल. आणि मॉडर्न क्लासिक हा तर कायद्यातला शब्दच नाही, आपण हौशी लोकांनी धरलेला आहे. आरटीओला ती फक्त १५ वर्षं उलटलेली जुनी गाडी, दर ५ वर्षांनी फिटनेस, रिन्यूअल, वर पर्यावरण कर. त्यात बाहेरून आणलेली आणि २० वर्षांच्या वरची असली तर २०२५ पासून रिन्यूअललाच ८० हजार! हे भावात धरून बोला, नंतर माझ्याकडं रडू नका.

आणि समजा व्हीए नंबर मिळाला तरी रोज होटगी रोडला फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला, एवढंच. वरातीला भाड्यानं द्यायची स्वप्नं बघणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार.

मला विचाराल तर आर १२९, म्हणजे १९८९ ते २००१ ची एसएल, डोळे झाकून. तिच्या नंतरच्या एसएलचा, म्हणजे आर २३० चा पत्र्याचा टप घडी होऊन डिकीत जातो, दिसायला भारी, पण ब्रेक सुद्धा इलेक्ट्रॉनिक, आपल्याकडं कोण हात घालणार त्याला? आर १२९ बघायला गेलात की टप दोनदा उघडझाप करायला लावा आणि काचेच्या वरच्या पट्टीवर, सन व्हायझरपाशी बोट फिरवा, तेलकट लागलं की टपाचं हायड्रॉलिक सिलिंडर गळतंय समजा. '९३ ते '९५ ची असेल तर इंजिनच्या वायरिंगचं कव्हर हलकं दाबून बघा, हातात भुगा आला तर भाव खाली आणा. एलईडी लाईट आणि मोठाले चाकं लावलेली तर मी बघायला पण जात नाही.

मे महिन्यात उन्हात लावायची वेळ आली तर सीटवर आपली चादर टाका, नाहीतर लेदरचा पापड होतोय.