प्रोग्रेसिव्ह डेथ मेटल अल्बम

डेथ मेटलच्या जड, वेगवान, गुरगुरत्या संगीतात 1970 च्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकची लांब मांडणी, विषम ताल, जॅझची वळणे आणि अकूस्टिक गिटार मिसळून बांधलेला अल्बम. यातले एखादेच गाणे सुटे काढून ऐकले तर फारसे हाती लागत नाही. कोणत्या तुकड्यामागे कोणता तुकडा येतो, यातच बरीचशी कला असते.

या प्रकाराची पायाभरणी अमेरिकेत फ्लोरिडात झाली. टॅम्पा शहरातल्या मॉरिसाउंड स्टुडिओत निर्माते स्कॉट बर्न्स यांच्या हाताखालून तीन बँडांचे अल्बम, डेथचा ‘ह्यूमन’ (1991), एथिइस्टचा ‘अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स’ (1991) आणि सिनिकचा ‘फोकस’ (1993) बाहेर पडले. माणसे मोजकीच होती आणि ती एकमेकांकडे वाजवत. ‘ह्यूमन’वरचे ड्रमवादक शॉन रायनर्ट आणि गिटारवादक पॉल मॅस्विडाल हे मुळात सिनिकचे. एथिइस्टचे बासवादक रॉजर पॅटरसन 1991 मध्ये अपघातात गेले, तेव्हा त्यांनी रचलेले बास सिनिकच्या टोनी चॉय यांनी वाजवून अल्बम पुरा केला. डेथचे गायक-गिटारवादक चक शुल्डिनर यांनी 1987 च्या पहिल्या अल्बमात रक्त आणि प्रेते गायली होती. ‘ह्यूमन’पासून ते माणसाच्या मनाकडे वळले. ते 2001 मध्ये वारले.

स्वीडनमध्ये या प्रकाराला कथेची जोड मिळाली. एज ऑफ सॅनिटी या बँडचा ‘क्रिमसन’ (1996) म्हणजे 40 मिनिटांचे एकच गाणे : मूल होणेच थांबलेल्या जगाची गोष्ट. ओपेथ या बँडच्या ‘स्टिल लाइफ’चा (1999) नायक श्रद्धा नाही म्हणून गावाने हाकललेला आहे आणि पंधरा वर्षांनी प्रेयसीसाठी परततो. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे ज्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही, त्याला ही कथा अनोळखी वाटू नये.

रचनेचा नमुना म्हणून ओपेथचाच ‘ब्लॅकवॉटर पार्क’ (2001) घ्यावा. आठ तुकडे, सुमारे 67 मिनिटे. निर्मितीत पॉर्क्युपाइन ट्री या रॉक बँडचे स्टीव्हन विल्सन. पहिले गाणे दहा मिनिटे झोडपून काढते आणि शेवटी एकट्या पियानोवर येऊन विरते. मधले ‘हार्वेस्ट’ पूर्ण सौम्य आहे, त्यात गुरगुर औषधालाही नाही. सर्वात जड असे बारा मिनिटांचे शीर्षकगीत शेवटी राखून ठेवले आहे, आणि त्याच्या तोंडाशी दोन मिनिटांपेक्षाही छोटी, शब्दांवाचूनची गिटारची धून ठेवली आहे. ती धून काढून ऐकून पाहावे. पुढचा पहिलाच घाव निम्म्याने बोथट होतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीत रात्रभर ढोल घुमतात आणि होळी पेटते ती पहाटे. राखून ठेवण्याची ही रीत सातपुड्याच्या पायथ्याशी कुणाला नवी नाही. दोन्ही संगीतांचा एकमेकांशी संबंध मात्र काही नाही, साम्य आहे ते श्रोत्याच्या धीरात.

तालाचेही तसेच. सात मात्रांचा रूपक ज्याच्या कानात बसला आहे, त्याला सातच्या मोजणीतले रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, अडखळल्यासारखे वाटत नाहीत. फरक हा, की इथे चार-चार ओळींनंतर मोजणीच बदलते आणि सम पकडायला बसलेला श्रोता उघडा पडतो.

खरी अडचण आवाजाची. खान्देशात घरी हे लावले की ओसरीवरून प्रश्न येतोच : “हाऊ काब्रं वरडी राह्यना रे?” पण हे नुसते ओरडणे नव्हे. नेहमीच्या स्वररज्जूंच्या वर असलेल्या, एरवी बोलण्यात भाग न घेणाऱ्या घड्या कंपित करून हा खर्जातला आवाज काढतात, आणि तो नीट साधायला रियाज लागतो. त्यात सूर जवळजवळ नसतो. म्हणून तो गायनापेक्षा तालवाद्याचे काम अधिक करतो आणि लगेच येणाऱ्या स्वच्छ गळ्याला उठाव देतो. ओपेथचे मिकाएल ओकरफेल्ट हे दोन्ही आवाज एकटेच काढतात. शब्द कळत नाहीत ही तक्रार रास्त आहे. पहिल्या खेपेस गीतपत्रिका समोर धरावी. कानबाईच्या रात्री जागवणाऱ्या घरात तासभर एका जागी बसून ऐकणे अवघड जाऊ नये. मोबाइलवर एकेक गाणे पुढे ढकलत ऐकणाऱ्याला मात्र हे संगीत लाभत नाही.

हा प्रकार एका जागी थांबलेला नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशन या बँडच्या ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’वर (2024) फक्त दोन लांब रचना आहेत. ओपेथने 2011 च्या ‘हेरिटेज’पासून गुरगुर सोडून दिली होती. ती 2024 च्या ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मध्ये परतली, तीही एका धनाढ्य घरातल्या मृत्युपत्राच्या वाचनासाठी. त्यातल्या पहिल्या सात तुकड्यांना नावे नाहीत, मृत्युपत्राच्या परिच्छेदांचे क्रमांक तेवढे आहेत. भाऊबंदकीला एवढा साजेसा आवाज दुसरा सापडला नसता.