मार्चमध्ये आलेलं औषध, मेमध्ये आलेली साथ

मिरजेला मामांकडे गेलो की त्यांच्या कॉम्प्युटरपुढे तासभर बसणं ओघानं आलंच. २०२५ च्या दिवाळीतही बसलो. मशीन असेंबल केलेलं, बरंच जुनं. मामा-मामींच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो, शेताचे सातबारे, सोसायटीचा हिशेब, सगळं त्यातच. विंडोज १० दुकानदारानं 'मारून' दिलेलं. अपडेटचं पान उघडलं तर ते बंद. "तो म्हणाला, अपडेट चालू करू नका, मशीन स्लो होतंय." बहुतेक वेळा खरं कारण निराळं असतं: क्रॅक केलेलं विंडोज अपडेटनंतर उघडं पडेल ही भीती.

हा सल्ला किती महागात पडतो, ते १२ मे २०१७ ला सगळ्या जगानं पाहिलं.

विंडोजमध्ये एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल्स देण्याघेण्याची सोय असते. नेटवर्कवरून येणारे निरोप ऐकायला तिचा एक ठरलेला दरवाजा आहे, पोर्ट ४४५. या सोयीच्या जुन्या आवृत्तीत एक चूक होती. मुद्दाम वेडावाकडा घडवलेला निरोप पाठवला, की पाठवणाऱ्याचा प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर चालू लागे. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला ही चूक ठाऊक होती आणि तिनं तिचं हत्यार बनवलं होतं. मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ ला दुरुस्ती फुकट दिली. महिन्याभरानं 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या टोळीनं ते हत्यार इंटरनेटवर उघड्यावर टाकलं. मग आला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम. औषध बाजारात आल्यापासून साथ येईपर्यंत ५९ दिवस मिळाले होते.

वॉनाक्रायला कुणी लिंकवर क्लिक करायची गरज नव्हती. एका मशीनमध्ये शिरला की तो आपणहून शेजारची मशीन धुंडाळायचा. फाइल्स कुलूपबंद करून ३०० डॉलर मागायचा, तेही बिटकॉइनमध्ये, आणि तीन दिवसांनी ६००. इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ ट्रस्टपैकी (म्हणजे दवाखाने-रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थांपैकी) किमान ८० ट्रस्टना झळ बसली. तिथली बाधित मशीन मुख्यत्वे विंडोज ७ ची होती, म्हणजे ज्यांच्यासाठी दुरुस्ती मार्चपासून तयार होती अशी. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते. मार्कस हचिन्स या तरुण संशोधकाला दिसलं, की हा प्रोग्रॅम आधी एका विचित्र नावाच्या, कुणीच न घेतलेल्या वेबसाइटला हाक मारतो. त्यानं ते नाव नोंदवलं. हाकेला ओ मिळताच वॉनाक्राय गप्प बसू लागला.

"आपल्या फाइल्स बंद झाल्या तर दुकानदार काढून देईल की," मामा म्हणाले. इथं कुलूप समजून घ्यायला हवं. खटक्याचं कुलूप कुणीही दाबून लावू शकतं, उघडायला मात्र किल्ली लागते. खंडणीखोर प्रोग्रॅम प्रत्येक फाइलला वेगळी किल्ली लावतो आणि त्या सगळ्या किल्ल्या अशा खटक्याच्या पेटीत टाकतो. पेटीची किल्ली तुमच्या मशीनमध्ये कधी आलेलीच नसते. कुलूप बनवताना काही चूक राहून गेली असेल तरच आशा. 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमाच्या वेबसाइटवर अशा काही कुलपांवरचे उपाय फुकट मिळतात. पण कुलूप धड बनवलेलं असेल, तर कितीही हुशार कारागीर असला तरी त्याचा नाइलाज.

घरच्या वायफाय राउटरचा इथं मोठा उपकार आहे. आपण न मागवलेला निरोप तो सहसा आत सोडत नाही, त्यामुळे बाहेरून थेट पोर्ट ४४५ गाठणं अवघड जातं. पण ऑफिसमधून बाधित लॅपटॉप घरी आला आणि त्याच वायफायवर बसला, की राउटरची ती राखण संपली.

त्याच वर्षी, २०१७ मध्ये, २७ जूनला नॉटपेट्या नावाचा असाच एक घातकी प्रोग्रॅम पसरला. त्यानं जहाजवाहतूक करणाऱ्या मर्स्क समूहाची कामं ठप्प केली, आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातलं त्यांचं टर्मिनलही अडकलं. तो मुळात शिरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मग अपडेटच धोक्याचं नाही का? कंपनीच्या सर्व्हरमध्येच चोर शिरण्याचे प्रसंग घडतात, पण ते विरळ. माहीत असलेल्या भोकांतून शिरणं मात्र रोजचं आहे. नॉटपेट्यानं आणखी एक दाखवून दिलं. मशीनच्या मेमरीतून अॅडमिनचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड उचलून तो दुरुस्त केलेल्या मशीनमध्येही घुसला. म्हणून रोजच्या कामाला साधं खातं वापरावं आणि अॅडमिनचं खातं फक्त काही इन्स्टॉल करण्यापुरतं ठेवावं.

मामांच्या डाउनलोड्समध्ये 'वीजबिल डॉट पीडीएफ' अशी एक फाइल होती. विंडोज नावाचं शेवटचं शेपूट आपणहून लपवतं. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू केलं, तसं नाव लांबलं: 'वीजबिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई'. बिल नव्हतंच ते, प्रोग्रॅम होता. मेलमधून आलेला. मामांनी त्यावर डबल क्लिक केलं नव्हतं ते केवळ त्या महिन्याचं बिल आधीच भरलं होतं म्हणून! ही एक खूण आजच आपल्या मशीनवर करून घ्या. पाच सेकंदांचं काम आहे.

विंडोज १० चे नेहमीचे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणजे आमच्या दिवाळीच्या तोंडावरच. मामांचं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसेना. त्यांचं काम ब्राउझर, हिशेबाचे तक्ते आणि फोटो एवढंच. मी सगळ्या फाइल्स एका नव्या हार्ड डिस्कवर उतरवल्या आणि मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. फुकट, आणि अधिकृत. पहिले दोन दिवस मामा बटणं शोधत कुरकुरले, तिसऱ्या दिवशी हिशेब लिहायला बसले.

डिस्क मात्र जोडून ठेवायची नाही, हे मामींना बजावलं, कारण जोडलेल्या डिस्कवरच्या फाइल्सही खंडणीखोर कुलूपबंद करतो. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मामा डिस्क लावतात, फाइल्स उतरवतात आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी तिच्यावर चिकटवतात. मग मामी ती जुन्या पातळात गुंडाळून कपाटात ठेवतात.