एड्सवाल्याचा न्यूमोनिया जवळ बसल्याने लागतो का?

एड्स झालेल्या माणसाला न्यूमोनिया झाला की घरचे ताट वेगळं करतात, खोलीत कोणी जात नाही, का तर म्हणे खोकल्यातून आपल्यालाही एड्स होईल. अहो, एड्सचा विषाणू, एचआयव्ही, खोकल्यातून पसरतच नाही! आणि या पेशंटना होणारा एक नेहमीचा न्यूमोनिया, पीसीपी म्हणतात त्याला, तो न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीमुळे होतो, ही बुरशी आपल्यापैकी बहुतेकांच्या फुप्फुसात लहानपणीच येऊन गेलेली असते, धडधाकट माणसाला ती काही करत नाही. सीडी४ पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, एका घन मिलीमीटर रक्तात २०० च्या खाली गेल्या की मात्र ती डोकं वर काढते. सुरुवात एकदम हळू, कोरडा खोकला, बारीक ताप, मग शर्टाची बटणं लावतानाही धाप लागते, आणि एक्सरे कधीकधी चक्क नॉर्मल येतो, म्हणून दुर्लक्ष होतं. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या याच न्यूमोनियावरून एड्स पहिल्यांदा लक्षात आला.

हां, टीबीचं वेगळं. तो हवेतून पसरतो, कोणाकडूनही कोणालाही, त्यामुळे खोकला असेल तर थुंकी तपासा, मास्क वापरा. पीसीपी टाळायला कोट्रायमॉक्साझोलची साधी गोळी असते, एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, नियमित घेतली, सीडी४ वर जाऊन टिकले की डॉक्टर ती बंदही करतात. कृपा करून त्या माणसाजवळ बसा हो.