सायकलवरचा थर्मास

मुंबईला थंडी नसते असं पुणेकर म्हणतात, आणि बहुतेक वर्षी आपल्याला ते मुकाट्याने ऐकून घ्यावं लागतं. सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला तो २२ जानेवारी १९६२ रोजी, म्हणजे सांगायला आधार आहे तो एवढाच. तरी जानेवारीत पहाटे पाचला मरीन ड्राइव्हवर सायकल काढली की वारा बाह्यांतून आत शिरतो आणि नरिमन पॉइंट येईस्तोवर घोटभर गरम काहीतरी हवंसं वाटतं.

ते गरम ठेवणारा थर्मास मुळात थंडाव्यासाठी जन्मला, ही गंमत. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स देवार यांना द्रवरूप वायू साठवायचे होते. १८९२ मध्ये त्यांनी भांड्यात भांडं बसवून मधली हवा काढून घेतली. पेटंट घ्यायचं मात्र राहिलं. पुढे जर्मनीत राइनहोल्ड बुर्गर यांनी त्याला धातूचं कवच चढवलं आणि १९०४ मध्ये ‘थर्मॉस’ हे नाव आलं. आपण त्याचा ‘थर्मास’ केला.

मधे हवाच नाही, म्हणून उष्णतेला ओलांडायला वाट नाही. किरणांनी निसटणारी ऊब चांदीचा मुलामा परतवतो. उरतं फक्त बूच आणि तोंडाजवळचा भाग, ऊब जाते ती तिथूनच.

काचेचा थर्मास दवाखान्यात डबा पोचवायला, रेल्वेच्या प्रवासात ठीक होता. सायकलला तो मानवला नाही. आमच्याकडचा एक मागच्या कॅरियरवर बांधून नेला होता. एका खड्ड्यात दणका बसला, वरून ओरखडाही नाही, पण हलवला तर आत खुळखुळा. चहा ओतला असता तर कपात चंदेरी चुरा पडला असता.

१९७८ मध्ये जपानमध्ये स्टेनलेस स्टीलची निर्वात बाटली आली आणि फुटण्याची भीती गेली. आज तीच सडपातळ बाटली सायकलच्या दांड्यावरच्या जाळीत बसते. जाळी सुमारे ७४ मिलिमीटर जाडीच्या बाटलीसाठी असते. त्याहून बारीक बाटली वाटभर खडखडते. तिच्याभोवती जुनी ट्यूब कापून गुंडाळली की गप्प बसते.

आणि त्यात दुधाचा चहा भरू नये. कोमट होत गेला की तासांनी आंबूस वास मारतो आणि तो बुचातून धुऊन जात नाही. गवती चहा-आल्याचा कोरा न्यावा. दुधाच्या कटिंगसाठी रात्रभर सायकल फिरवणारा चहावाला आहेच. त्याच्या हँडलला लटकलेला थर्मास आपल्यापेक्षा कितीतरी जुन्या सरावातला.