पॅनोरमा कॅमेरा फिरणारा की न फिरणारा? दोघांत फरक काय

मोठ्या फिल्मवर पॅनोरमा काढतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, म्हणजे कॅमेरा गोल फिरतो का? माझा फिरत नाही. निगेटिव्ह दोन्हींची लांबलचक पट्टीसारखीच निघते म्हणून घोळ होतो, पण फोटो पार वेगळे येतात.

माझा फोर बाय फाइव्हचा, म्हणजे 4 बाय 5 इंच फिल्मचा, भात्यासारख्या बेलोजवाला कॅमेरा आहे, त्याला मागं सिक्स सेव्हन्टीनची रोल बॅक, म्हणजे रोलवर लांब फ्रेम घेणारा फिल्मचा डबा लावतो. फ्रेम साधारण 56 बाय 168 मिलीमीटरची, त्यामुळं 120 नावाच्या रुंद फिल्मच्या अख्ख्या रोलमध्ये फोटो फक्त चार. फिल्म सपाट, लेन्स जागेवर, आणि सगळं एकाच क्लिकमध्ये. 90 मिलीमीटरची लेन्स लावली की आडवं 86 अंशाच्या आसपास दिसतं. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पहाटे काळं कापड डोक्यावर घेऊन काचेवर उलटा शालिनी पॅलेस बघायचा, पाणी वर आणि आभाळ खाली, त्यासाठी मी कितीही लवकर उठेन.

यात सरळ रेघ सरळच राहते, समोरचा कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीनं आखल्यासारखा. पण कडेला उभा माणूस ताणून रुंद होतो, आणि कडेला उजेड जवळपास दोन स्टॉपनं पडतो, म्हणजे साधारण पाव होतो, म्हणून मधोमध गडद असलेला सेंटर फिल्टर लावावा लागतो. तो महाग आहे, तरी स्लाइड फिल्म वापरणार असाल तर घ्याच.

फिरणारा म्हणजे सर्किट (Cirkut) नावाचा कॅमेरा, त्याचं पेटंट 1904 चं, अमेरिकेतलं. चावी दिली की अख्खा कॅमेरा स्टँडवर फिरतो आणि आत फिल्म एका अरुंद फटीमागून त्याच हिशोबात सरकत जाते, लेन्स बदलली की गिअरपण बदलायचा, नाहीतर सगळं पुसट. फिल्म 5 पासून 16 इंच रुंदीपर्यंत. पूर्ण 360 अंश येतात, आणि फटीतून कायम लेन्सचा मधलाच भाग वापरला जातो त्यामुळं कडा काळवंडत नाहीत. पण तोच रंकाळ्याचा कठडा यानं काढा, मधे झोळ पडल्यासारखा खाली येतो आणि दोन्ही टोकांना बारीक होत वर चढतो.

आता खासबाग घ्या. शाहू महाराजांनी बांधलेलं ते गोल मैदान, मधे कुस्तीचा हौद. हौदात मधोमध स्टँड लावलं तर चारी बाजूच्या पायऱ्या कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर, म्हणजे फिरणाऱ्या कॅमेऱ्यात त्या गोल पायऱ्या एकदम सरळ येणार आणि बसलेला प्रत्येक माणूस सारख्याच मापाचा! माझ्या सपाट फिल्मवर मात्र त्याच पायऱ्या कडांना वर उचलल्या जातात. जुन्या ग्रुप फोटोत शेकडो माणसं एका ओळीत दिसतात ना, त्यातली बरीच प्रत्यक्षात कॅमेऱ्याभोवती कमानीत उभी केलेली असायची. आणि एखादं पोरगं मागून पळत दुसऱ्या टोकाला जायचं, एकाच फोटोत दोनदा यायचं.

म्हणून वाडा, घाट, भिंत असं सरळ काही असेल तर सपाट, आणि आपण मधे उभं राहून सगळं भोवती असेल, पन्हाळ्याच्या माचीवरून किंवा खासबागेत, तर फिरणारा. हलणारी माणसं असली तर आणखी एक बघा, फिरणारा कॅमेरा फोटो एका टोकाकडून दुसरीकडं हळूहळू घेतो, त्यामुळं रंकाळ्यावर त्याच्याच दिशेनं चालणारे काका ताणले जातात आणि उलट्या दिशेनं येणाऱ्या मावशी चेपून बारीक होतात.