डेबियन मेंटेनर पदासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि प्रकाशनाचे वेळापत्रक

डेबियन ही १९९३ पासून स्वयंसेवकांनी उभी केलेली मुक्त संगणक प्रणाली आहे. तिच्यातील एखाद्या पॅकेजची, म्हणजे बसवण्यासाठी तयार बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या संचाची, नवी आवृत्ती स्वतःच्या सहीने थेट अपलोड करायची असेल, तर ‘डेबियन मेंटेनर’ म्हणून अर्ज करावा लागतो. अर्जाला शुल्क नाही, पदवीचीही अट नाही, आणि एक टप्पा सोडला तर सारी प्रक्रिया नाशिकमध्ये घरबसल्या पूर्ण होते.

पात्रता ठरते ती केलेल्या कामावर. अर्जदाराने एखादे पॅकेज काही काळ नेटाने सांभाळलेले असावे, म्हणजे त्यावर आलेल्या बगांची दखल घेतलेली असावी, परवान्यांची नोंद अचूक ठेवलेली असावी आणि लिंटियन या पॅकेज तपासणाऱ्या साधनाने दाखवलेल्या त्रुटी दूर केलेल्या असाव्यात. हे काम तपासणारे डेबियन डेव्हलपर, म्हणजे प्रकल्पाचे पूर्ण अधिकार असलेले सदस्यच, पुढे शिफारस देतात. त्यामुळे आधी अर्ज आणि मग काम, हा क्रम मला योग्य वाटत नाही.

कागदपत्रे मोजकीच आहेत. डेबियनचा सामाजिक करार, मुक्त सॉफ्टवेअरचे निकष आणि यंत्रवापराचे नियम मान्य असल्याचे निवेदन स्वतःच्या जीपीजी किल्लीने, म्हणजे डिजिटल सहीसाठीच्या किल्लीने, सही करून द्यावे लागते. ही किल्ली ४०९६ बिटांची, आरएसए प्रकारची असली तरी चालते, मात्र तिच्यावर किमान एका डेबियन डेव्हलपरची सही हवी. नाशिकबाहेर जावे लागते ते बहुधा याच सहीसाठी. भेटीला जाताना पासपोर्टसारखे छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि किल्लीच्या ठशाची, म्हणजे चार-चारच्या दहा गटांत छापलेल्या ४० अक्षरांची, चिठ्ठी सोबत न्यावी. ओळखपत्रावरील नाव किल्लीवरील नावाशी जुळले पाहिजे. चिठ्ठी कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापायला हरकत नाही, कारण ठसा जाहीरच असतो. खासगी किल्ली असलेला पेन ड्राइव्ह मात्र तिथल्या संगणकाला कधीही लावू नये.

अर्ज मंजूर झाल्यावरही अपलोडचा अधिकार डेव्हलपरने नेमून दिलेल्या पॅकेजांपुरताच मिळतो. अगदी नवे पॅकेज दाखल करायचे असल्यास डेव्हलपरचीच सही लागते.

आता वेळापत्रक, कारण गुणवत्तेची खरी राखण तिथे होते. अपलोड केलेली आवृत्ती आधी ‘अनस्टेबल’ या नव्या आवृत्त्यांच्या विभागात येते आणि तिच्या निकडीनुसार साधारण २, ५ किंवा १० दिवस थांबून ‘टेस्टिंग’मध्ये, म्हणजे पुढच्या प्रकाशनाची तयारी होणाऱ्या विभागात, जाते; त्या काळात प्रकाशन अडवणारा नवा बग निघाला किंवा बांधणी (मूळ कोडपासून पॅकेज तयार करणे) फसली, तर ती तिथेच अडकते. डेबियन १३ साठी १५ एप्रिल २०२५ पासून सौम्य गोठवण, म्हणजे प्रकाशनापूर्वी बदलांवर येणारी मर्यादा, सुरू झाली, १७ मेपासून ती कडक झाली आणि ९ ऑगस्टला प्रकाशन झाले. सौम्य गोठवण सुरू झाली की टेस्टिंगमध्ये नसलेल्या पॅकेजला प्रवेश मिळत नाही, म्हणून मोठे बदल त्याआधीच पाठवावेत. कडक गोठवणीत महत्त्वाच्या पॅकेजांसाठी प्रकाशन चमूकडे वेगळी विनंती करावी लागते आणि तिच्यासोबत टेस्टिंगमधील व नव्या आवृत्तीतील फरक ओळीनओळ जोडावा लागतो.